ओइवाच्या नावावरचं विमान

पेत्रोझावोद्स्क, ११ फेब्रुवारी १९९२

काउको हुउस्को साहेबांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी नास्तो लुकिना. आमच्या कारेलियन बोलीत लिहिते आहे. तुमच्या फिनिशची ती चुलत बहीण, त्यामुळे वाचता येईल अशी आशा आहे.

तुमच्या वैमानिक मंडळाच्या अंकातला तुमचा लेख इथल्या ग्रंथालयातल्या बाईंनी मला दाखवला. तुमच्या फिनिश लढाऊ वैमानिकांनी युद्धात आमची जी सोव्हिएत विमानं पाडली म्हणून सांगितलं, ती तुम्ही आमच्या बाजूच्या नोंदींशी एकेक ताडून पाहिली आहेत. आमच्याकडे विमान गेल्याची नोंद नसेल, तर त्या दाव्यापुढे तुम्ही लिहिता, ‘पुरावा नाही’. एकोणीस जुलै १९४४, कुइक्का तलाव, वैमानिक ओइवा हुउस्को, एक विमान. पुढे तेच, ‘पुरावा नाही’.

साहेब, पुरावा मी आहे. त्या दिवशी त्या बाजूला गेलेलं आणि परत न आलेलं आमचं एक विमान होतं. त्यात माझा भाऊ मीकुल होता, बावीस वर्षांचा. तुम्हाला ते पडलेल्या विमानांच्या यादीत सापडलं नाही, कारण ते त्या यादीत घातलंच नाही. मीकुलच्या कागदावर लिहिलं, ‘विमानासह शत्रूला जाऊन मिळाला.’ घरात तुमच्यासारखी बोली बोलणारा कारेलियन पोरगा, त्यांना आणखी काय हवं होतं? आईला देशद्रोह्याची आई म्हणून उत्तरेच्या लाकूडतोड छावणीत नेलं, ती परत आली नाही. मला शिक्षिका व्हायचं होतं, पण जन्म गेला पावाच्या भट्टीपुढे. ठरलेलं लग्नही मोडलं. त्याला मी दोष देत नाही, त्यालाही नोकरी सांभाळायची होतीच.

तेव्हा तुम्हाला हात जोडून विनंती आहे, तो दावा खोडू नका. माझा भाऊ तुमच्या माणसाने मारला असं लिहा. कुठल्या बहिणीने असलं मागणं मागितलं असेल, मला माहीत नाही.

नास्तो लुकिना

•

वार्काउस, २ मार्च १९९२

नास्तोबाई,

पत्र वाचलं. ओइवा हुउस्को माझा थोरला भाऊ. आडनाव सारखं आहे, तरी तुम्ही विचारलं नाहीत. बहुधा धीर झाला नसेल.

मी निवृत्त भूमापक आहे. जमीन मोजायची सवय लागली की माणूस आकाशही मोजायला जातो. आमच्या म्हाताऱ्या वैमानिकांनी माझं नाव ‘खोडरबर’ ठेवलं आहे. मंडळाच्या जेवणाला गेलो की कोणीतरी म्हणतंच, “झाकून ठेवा रे आपापली विमानं, खोडरबर आलं.” त्यांचं खोटं नसतं, लढाईच्या घाईत डोळा फसतो. एकच विमान तिघांनी पाडलेलं असतं आणि तिघंही खरं बोलत असतात. पण इतरांची विमानं खोडून सख्ख्या भावाचं ठेवलं असतं, तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. म्हणून ते खोडलं. आईला मात्र सांगितलं नाही. ती चौऱ्याण्णव वर्षांची आहे, इथल्या वृद्धाश्रमात असते. नवी परिचारिका आली की आई तिला सांगते, “माझा ओइवा एकटा नाही गेला, जाताना एकाला घेऊन गेला.” तेवढ्यावर ती जगली आहे.

आणि आता तुम्ही म्हणता, ते खरं होतं! खोटं कशाला बोलू, मी आनंदाने रडलो. मग लक्षात आलं की मी कशाच्या आनंदाने रडतो आहे, आणि लाज वाटली. तुम्हाला काय कागद लागेल ते कळवा. मी देईन.

सोबत कॉफी पाठवतो आहे.

काउको हुउस्को

•

पेत्रोझावोद्स्क, ६ एप्रिल १९९२

काउकोभाऊ,

कॉफी पोचली. शेजारीण वासावरनं आली आणि म्हणाली, “नास्तो, तुला म्हातारपणी कोण भेटलं गं परदेशातलं?” मी म्हटलं, “माझ्या भावाला ज्याने मारलं, त्याचा भाऊ.” बिचारी कप खाली ठेवून गेली.

आडनावाचं मी विचारलं नाही हे खरं. तुम्ही त्याचेच कोणी असाल तर उत्तर देणार नाही, ही भीती होती.

कागद लागतो तो असा. आमच्या गावात युद्धात गेलेल्यांच्या नावांचा नवा दगड बसणार आहे, पुढच्या वर्षी जूनमध्ये. त्यानंतर नवीन नाव कोरणार नाहीत. गावाची समिती म्हणते, “मीकुल लुकिन पळाला नाही, हे सिद्ध करा. विमान दाखवा, नाहीतर हाडं दाखवा.” इथे आता पोरांची टोळकी आहेत, सुट्टीत रानात जाऊन मेलेले सैनिक उकरून काढतात, रीतसर पुरतात. ती मला मदत करायला तयार आहेत. पण जंगल केवढं! तुमच्या भावाच्या दाव्यात जागा लिहिली असेल ना? तेवढी अचूक पाठवा. मी सहासष्ट वर्षांची आहे, माझ्यामागे त्याच्यासाठी भांडणारं कोणी उरत नाही.

नास्तो

•

वार्काउस, २७ एप्रिल १९९२

नास्तोबाई,

लढाईच्या अहवालाची नक्कल आणि मी काढलेला नकाशा पाठवतो आहे. ओइवाचा जोडीदार आर्मास लेस्किनेन, त्याने तो अहवाल लिहिला. ओइवाने कुइक्का तलावावर शत्रूचं विमान पाडलं, ते तलावाच्या पूर्व टोकाला पाण्यात गेलं. लगेच दुसऱ्याने ओइवाला गाठलं आणि तो किनाऱ्यावर पडला. त्याला आमच्या लोकांनी घरी आणलं, आईने पुरलं. आर्मास स्वतः साक्षीदार. आमच्या हवाई दलात साक्षीदार नसेल किंवा पडलेलं विमान कोणी पाहिलं नसेल, तर विजय मिळतच नसे. हे सगळं रीतसर आहे.

पूर्व टोक लहान आहे, पाणी उथळ आहे. पोरांना सापडेल. मी आता निर्धास्त आहे, तुम्हीही व्हा.

काउको

•

पेत्रोझावोद्स्क, ३० ऑगस्ट १९९२

हुउस्को,

तलावात काही नाही.

तीन आठवडे पोरं पाण्यात होती. पूर्व टोक झालं, मग सगळा तलाव झाला. गळ टाकून, लोहचुंबक ओढून, बुड्या मारून. एक जुनी होडी आणि दुधाची बरणी निघाली. किनाऱ्यावर तुमच्या भावाच्या विमानाचे पत्रे निघाले, तेही नंबरासकट! तुमचा सापडतो, माझा सापडत नाही!

समितीच्या अध्यक्षाने माझ्या तोंडावर सांगितलं, “आजी, आता तर फिनिश लोकांच्याच कागदाने सिद्ध झालं. त्यांनी सांगितलं तिथे विमान नाही, म्हणजे ते पडलंच नाही. पळालाच तुमचा भाऊ.” आमच्या वर्तमानपत्रात आलं, देशद्रोह्याची बहीण अजून त्याला हुतात्मा करायला बघते. अठ्ठेचाळीस वर्षांनी पुन्हा माझ्या दाराला कोणीतरी डांबर फासलं. मी गप्प बसले असते तर निदान लोक विसरले होते. मीच उकरून काढलं, आणि तुमच्या नकाशाने.

खोडरबर म्हणतात ना तुम्हाला? मग खोडा. तुमच्या भावाचं विमान खोडा, माझा भाऊ खोडा, सगळंच खोडून टाका. मला पुन्हा लिहू नका. कॉफी नको.

•

वार्काउस, १६ सप्टेंबर १९९२

नास्तोबाई,

लिहू नका म्हणालात, तरी लिहितो आहे.

अहवाल चुकला असेल तर जागेत चुकला असेल. आर्मास हयात आहे, कुओपिओच्या पुढे राहतो. त्याला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा म्हणाला, “अळंबी चांगली आली आहेत यंदा,” आणि ठेवला. मी त्याला विचारत होतो विमानाचं! आता तोंडावरच जाऊन बसतो. तेवढा धीर धरा, हीच विनंती.

काउको

•

वार्काउस, १ नोव्हेंबर १९९२

नास्तोबाई,

मी आर्मासकडे जाऊन आलो. जे कळलं ते लिहितो आहे.

आर्मासने सौना तापवला. आमच्याकडे दोन माणसांना अवघड बोलायचं असलं की आधी वाफेत बसून घाम काढतात. बराच वेळ तो दगडांवर पाणीच ओतत राहिला. शेवटी मी म्हणालो, “आर्मास, तलावात काही नाही.” तो म्हणाला, “नसणारच.”

मग बोलला. ओइवा आधी पडला. पहिल्याच झटक्यात, कोणावर गोळी झाडायच्या आत. आर्मासने ज्या विमानाला गोळ्या घातल्या ते धूर सोडत पूर्वेला पळालं. आर्मास वेडापिसा होऊन त्याच्यामागे लागला, आघाडी ओलांडून तुमच्या लोकांच्या बरंच आत गेला आणि त्याने ते एका दलदलीत पाडलं. ते पळत होतं नास्तोबाई, पण पूर्वेला, घराकडे. हे मी त्याला तीनदा विचारून घेतलं.

मी म्हणालो, “मग तुझ्या नावावर का नाही लावलंस?” तो म्हणाला, “कोण देतो? मी एकटा, इतक्या आत. साक्षीदार कोण? बेडूक? मला ते मिळणारच नव्हतं. पण ओइवाच्या नावावर लावलं तर साक्षीदार मी होतोच की.” आणि मग म्हणाला, “आमच्या गावात शिकारीला गेलेला माणूस रानात मेला, तर त्या दिवशीच्या हरणाचा पहिला वाटा त्याच्या घरी जातो. आमच्या तुकडीत निम्मे शिकाऱ्यांचेच पोरगे. आम्ही तेच केलं. तुझ्या आईकडे नुसतं प्रेत कसं न्यायचं?” विमान ओइवाच्या हातून पडलेलं दिसायचं, तर ते ओइवा होता तिथेच पडायला हवं. म्हणून अहवालात तलाव आला.

इतकी वर्षं मी लोकांच्या डोळ्यांच्या चुका शोधल्या. ही डोळ्यांची चूक नव्हती, माया होती, आणि तीच तुमच्या घराला बाधली.

आता सर्वांत वाईट ऐका. त्या दलदलीचं नाव आर्मास सांगत नाही. प्रेताबरोबर तोच आला होता आमच्या घरी. आईने त्याचे दोन्ही हात धरून विचारलं होतं, “खरंच एकाला नेलं त्याने?” आणि तो म्हणाला होता, “खरंच.” तिच्या जिवात जीव आहे तोवर हा शब्द मोडणार नाही म्हणतो. “तुझी आई गेली की दुसऱ्या दिवशी नकाशावर खूण करून देतो,” म्हणाला. मी भांडलो, पाया पडलो. तो उठून लाकडं फोडायला गेला.

काउको

•

पेत्रोझावोद्स्क, २२ नोव्हेंबर १९९२

काउकोभाऊ,

म्हणजे मी आता तुमच्या आईच्या मरणाची वाट बघू?

रोज सकाळी उठल्यावर माझ्या मनात तेच येतं. पाव कापताना येतं, देवळात मेणबत्ती लावताना येतं. ती ज्योत कोणासाठी लावते आहे, देवाला कळत असणारच. काल मला स्वप्नात तुमचं पत्र आलं, काळ्या काठाचं, आई गेल्याचं, आणि मी हसत उठले. मी कोणाच्या मरणावर हसणारी बाई नव्हते हो. हे काय करून ठेवलंत तुम्ही माझं?

पूर्वेला, म्हणता. घराकडे. हे वाचून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि आईला मोठ्याने सांगितलं. ती तिथे नाही, ठाऊक आहे, तरी सांगितलं.

पण हे मी समितीला सांगितलं तर ते हसतील. कागद नाही, जागा नाही, सांगणारा सही करत नाही. दगड वसंतात कोरायला जाणार. तुमची आई शंभर वर्षं जगो, असं मला लिहिता येत नाही. क्षमा करा. मी खोटं लिहू शकत नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून तेवढं पुष्कळ लिहून ठेवलं आहे.

तिला सांगा. मी तुमच्याकडे दुसरं काही मागत नाही. नाहीतर तुम्ही मुलगा म्हणून बरोबर आहात आणि मी बहीण म्हणून मेले, एवढंच.

नास्तो

•

वार्काउस, १० जानेवारी १९९३

नास्तोबाई,

नाताळच्या आधी दर रविवारी खिशात तुमचं पत्र घेऊन आईकडे गेलो आणि तसाच परत आलो. मी भित्रा आहे हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. नाताळ झाल्यावर आईच म्हणाली, “काउको, तू सारखा खिसा चाचपतोस. पोटात दुखतंय की बाई आहे?”

मी म्हणालो, “बाई आहे.” आणि तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. तुम्हाला न विचारता, सगळं. तिच्या मरणाचं स्वप्न आणि तुमचं हसणंसुद्धा. काही गाळलं असतं तर तिने ओळखलं असतं.

भिंतीवर ओइवाचा फोटो आहे, तो काढून मांडीवर दे म्हणाली. जेवणाचं ताट आलं, तसंच परत गेलं. संध्याकाळी विचारलं, “त्या पोराची आई?” मी म्हणालो, “छावणीत गेली.” “कशाने?” “त्याच्यामुळे. पळाला म्हणून.” मग तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं संपलं, मीच मारलं तिला. मी परिचारिकेला हाक मारायला उठलो, तर म्हणाली, “बस. आर्मासला बोलव.”

आर्मास दुसऱ्या दिवशी बसने आला. टोपी हातात, दारातच उभा. ऐंशीच्या घरातला माणूस शाळेतल्या पोरासारखा आत बोलावण्याची वाट बघत होता. “हिल्याबाई, मला वाटलं होतं—” “माहीत आहे तुला काय वाटलं होतं,” आई म्हणाली. “नकाशा आण, काउको.” मी नकाशा पसरला. त्याचं बोट कितीतरी वेळ फिरत राहिलं. मग एका ठिकाणी थांबलं. आईने फुली आपल्या हाताने मारली. “आता सही कर,” ती म्हणाली. त्याने केली.

तो गेल्यावर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. परिचारिकांना ओइवाचं सांगत नाही. नास्तोबाई, मी तुमचा भाऊ तुम्हाला दिला की नाही माहीत नाही, पण तिचा मुलगा नक्की घेतला. अंकात दुरुस्ती छापायला दिली आहे.

नकाशा, आर्मासचं शपथपत्र आणि त्याचं भाषांतर सोबत आहे. फुली रिस्ती दलदलीच्या दक्षिणेला. बर्फ वितळलं की जा.

काउको

•

पेत्रोझावोद्स्क, २ जून १९९३

काउकोभाऊ,

मिळाला.

फुलीपासून हाकेच्या अंतरावर. पोरांनी लोखंडी सळ्या खुपसत खुपसत शोधलं, मग पंप लावून चिखल उपसला. मला फळ्यांवर खुर्ची टाकून बसवलं होतं. विमानाचं तोंड पूर्वेला होतं. समितीचा अध्यक्ष स्वतः आला होता, नंबर वाचला, टोपी काढली. त्यानेच इंजिनाचा नंबर दोनदा मोठ्याने वाचला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. चिखलाने जपून ठेवलं होतं. बूट, पट्टा, आणि आईने विणलेला हातमोजा. उन्हाळ्यात हातमोजा! तिने सांगितलं असणार, वर गार असतं.

मी रडेन असं सगळ्यांना वाटत होतं. मला नुसता राग येत होता. इतका जवळ होता. गावापासून बसने दोन तास. आई छावणीत लाकडं तोडत होती आणि हा इथे होता.

बावीस तारखेला पुरणार. दगडावर नाव कोरलं गेलं, शेवटी जागा कमी पडली म्हणून अक्षरं जरा बारीक आहेत. चालेल.

तुमच्या आईला काय लिहू? मी चार वेळा लिहायला बसले. माझ्यासाठी कोणी एवढं केलं नाही, आणि मी तिच्या मरणाची मेणबत्ती लावली होती. तुम्हीच काहीतरी सांगा. माझ्यावर रागावली असेल तर तेही कळवा.

तुमची बहीण,
नास्तो

•

वार्काउस, १३ जून १९९३

नास्तो पोरी,

काउकोने तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याच्याशी मी आज बोलले. हे मीच लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय.

मेणबत्तीचं मनावर घेऊ नकोस. मी तुझ्या जागी असते तर दोन लावल्या असत्या.

रागाचं विचारलंस म्हणून सांगते. ओइवाला घरी आणलं तेव्हा मी रडत होते, आणि आर्मासने मला सांगितलं, ओइवाने जाताना एकाला नेलं. मी रडायची थांबले. मला बरं वाटलं. तो एक म्हणजे कोणाचा तरी मुलगा, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही, पुढेही कधी येऊ दिलं नाही. जवळजवळ पन्नास वर्षं मी तुझ्या भावाला मिरवलं. परिचारिकांना सांगितलं, पाद्र्याला सांगितलं, दुकानात सांगितलं. आणि तेवढी वर्षं तुझी आई आणि तू त्याला शोधत होतात. तो माझ्याकडे होता, पोरी. त्यांनी तो मला भेट दिला होता. मी परत केला, त्यात उपकार कसले?

त्याला पुराल तेव्हा तो हातमोजा त्याच्या हातात घाल. कपाटात ठेवू नकोस. मी ओइवाच्या वस्तू ठेवल्या, त्याने काही होत नाही.

काल नवी परिचारिका आली. फोटो बघून तिने विचारलं, हा कोण? मी म्हटलं, माझा ओइवा. युद्धात गेला. एकटाच गेला.

हिल्या हुउस्को